चिमणीगाठ

१

दुपारी एक ते चार आमच्या वसाहतीत कोणी कोणाच्या दारात जात नाही. जेवणं होतात, लाकडी झडपा ओढून घेतल्या जातात आणि उन्हाला एकट्याला बाहेर सोडून सगळी माणसं आत झोपतात. मीही फेमाला घेऊन पडायचे. पडण्याआधी परातीत पाणी घेऊन तिचे पाय धुवायचे, कारण ती दिवसभर अनवाणी आणि चादर पांढरी. आधी डावा पाय, मग उजवा, मग बोटांमधली वाळू. समुद्र दोनशे पावलांवर आहे. वाळू कुठूनही येते.

जुलैतल्या एका मंगळवारी डावा पाय धुताना घोट्याभोवती मला वळ दिसला. पूर्ण वेढा घातलेला, लालसर, माझ्या करंगळीएवढा रुंद. आतल्या बाजूला, हाडाच्या खाली, कातडी थोडी सोललेली होती.

"फेमा, काय लागलं इथे?"

"काही नाही."

"दुखतंय का?"

"माझं नाहीये ते," ती म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला.

साडेतीन वर्षांची पोर, तोंडाला येईल ते बोलते. मी म्हटलं, मोज्याचं इलॅस्टिक रुतलं असेल. पाय पुसले, तिला आडवं केलं, मीही आडवी झाले. डोळा लागता लागता आठवलं की जूनपासून तिने मोजे घातलेलेच नाहीत.

२

चार वाजता सासूबाई अंगणात सुपात हरभरे निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव ओलिंपिया, पण वसाहतीत सगळे त्यांना वरच्या गावची म्हातारी म्हणतात, जणू बाकीचे आकाशातून पडलेत. मी फेमाचा पाय त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वळ पाहिला, आणि मग वळापेक्षा जास्त वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दोराचा आहे."

"इथे कुठला दोर, आई?"

"ते मला काय विचारतेस. मी हरभरे निवडतेय."

"वाळूतलं काहीतरी चावलं असेल."

"असेल हो. गोल गोल फिरून चावलं असेल."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पांढरं मलम दिलं आणि पायाला हवा लागू द्या म्हणाल्या. पायाला हवेशिवाय दुसरं काही लागतच नव्हतं.

वरचं गाव डोंगराच्या धारेवर होतं, गाढवाच्या पाठीवर खोगीर ठेवावं तसं. दोन्ही बाजूंना दरी, आणि दरीच्या तळाशी नदीचे पांढरे धोंडे. घरांची दारं सरळ कड्यावर उघडायची. उंबऱ्यापासून कडा किती पावलं, ते प्रत्येक घराला पाठ असे. आमच्या घराला नऊ. म्हणून प्रत्येक दाराशेजारी भिंतीत हातभर खिळा ठोकलेला असे, आणि चालायला लागलेलं पोर त्या खिळ्याला बांधलेलं असे. दोराचं एक टोक खिळ्याला, दुसरं पोराच्या डाव्या घोट्याला. दोर पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या वाखाचा, घरीच वळलेला, आमचा आठ पावलांचा. आई शेतात गेली, पाण्याला गेली, तरी पोर कड्यापासून एक पाऊल अलीकडे थांबायचं. गावात सगळ्यांच्याच घोट्याला तो वळ असायचा. आम्हाला तो दिसतसुद्धा नसे.

मग मोठा पूर आला, अर्धी धार खचली, आणि सरकारने आम्हाला खाली किनाऱ्यावर आणलं. इथे जमीन ताटासारखी सपाट. एकसारखी घरं, एकेक पायरी, सिमेंटचं अंगण. इथल्या भिंतींत कोणी खिळा ठोकला नाही. पोर पडून पडून कुठे पडणार?

३

मलमाने वळ गेला नाही. उलट शुक्रवारी दुपारी मला जाग आली तेव्हा बिछान्यावर फेमाची जागा रिकामी होती.

पुढच्या खोलीत अंधार होता. बंद दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, आणि त्या पट्टीशी गाल लावून फेमा जमिनीवर पालथी पडली होती. बोलत होती. हळू, पोरं भिंतीपलीकडच्या पोरांशी बोलतात तसं.

"नाही येत. आई झोपलीय." थोडं थांबली. "नाही गं, एवढाच लांब आहे." आणि डावा पाय हलवून दाखवला.

मला आधी कळलंच नाही काय चुकतंय. मग कळलं. ती आमच्या भाषेत बोलत होती.

ब्रूनो, माझा नवरा, तोरिनोला मोटारीच्या कारखान्यात गेला त्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला होता, "पोरीशी आपली भाषा बोलायची नाही. शाळेत मला बकरी म्हणायचे. तिला कोणी काही म्हणायला नको." मलाही म्हणायचे. सातवीपर्यंत ऐकून घेतलं, मग शाळाच सोडली. म्हणून फेमाच्या कानावर मी जन्मापासून फक्त इटालियन घातलं. मी आणि सासूबाई आपल्या भाषेत बोलायचो ते ती झोपल्यावर, आणि तेही आटोपतं घेऊन.

दार उघडून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. दोरीवर माझा एप्रन वाळत होता.

मी सरळ सासूबाईंच्या खोलीत गेले. "आई, पोरीला तुम्ही शिकवलंत."

त्या उठून बसल्या. "मी? ब्रूनोने मला शपथ घातलीय. नातीशी मुक्यासारखी वागते मी. त्या दुसऱ्या भाषेत मला धड रागावता येत नाही, लाड करणं तर लांबच."

"मग कोणी शिकवलं?"

"तू झोपेत बोलत असशील."

मी ते धरून ठेवलं. झोपेत बोलत असेन. आई शेजारी झोपते, बडबडते, पोर उचलतं. यात न पटण्यासारखं काय होतं? रात्री मी तोंडावर उशी घेऊन झोपले.

४

इस्मिनी आली त्याच्या पुढच्या आठवड्यात. ही अथेन्सची मुलगी, चष्मा लावणारी, खांद्याला टेपचं यंत्र. दर उन्हाळ्यात यायची आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांचे शब्द भरून न्यायची. तिचं बोलणं आम्हाला निम्मं कळे. सासूबाई म्हणायच्या, "भाषा आपलीच आहे, फक्त बूट घातलेली."

मी बर्गामोटचं, आमच्याकडच्या आंबट लिंबाचं, सरबत केलं. इस्मिनीने यंत्र टेबलावर ठेवलं आणि नेहमीचं सुरू केलं, की अडीच हजार वर्षांपूर्वी आमच्याकडून जहाजं निघाली, तुमचे लोक इथे उतरले, शहरं वसवली, मग हळूहळू डोंगरात सरकले, आणि तुम्ही अजून तेच ग्रीक शब्द बोलता.

"मग परत न्यायला एवढा उशीर का केलात?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्ही निरोपच पाठवला नाहीत."

"पाठवला होता. पोचला नसेल. तुमच्याकडे सगळे बूट घालण्यात गुंतलेले."

इस्मिनी हसली. यंत्राची चाकं फिरत होती. फेमा दारापाशी बसली होती ती उठून आली, माझ्यासमोर उभी राहिली, डावा पाय पुढे केला आणि आमच्या भाषेत स्पष्ट म्हणाली, "ताई, दुखतंय. चिमणीगाठ घाल ना."

इस्मिनीचा ग्लास टेबलाच्या वाटेवरच थांबला. "हिला येतं?" तिचे डोळे भरून आले. "मिकाताई, तुम्ही सांगितलं नाहीत. या वयाचं एकही मूल मला सापडलं नव्हतं."

तिने टेप मागे घेऊन तीनदा वाजवली. आवाज फेमाचाच होता. बोलण्याची ढब तिची नव्हती. शब्दाच्या शेवटी थोडं नाकात ओढणं, आणि "ना" म्हणताना आत श्वास घेणं. सासूबाई ऐकताना हातातला रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या.

"आजी, ही चिमणीगाठ कोणती?" इस्मिनीने वही उघडली. "हा शब्द माझ्याकडे नाही."

"आमच्याकडेही नाही," सासूबाई म्हणाल्या. "असा शब्दच नाही."

खरं होतं. तो गावाचा शब्द नव्हता. दोघींचा होता. त्यातली एक मी.

मी आठ वर्षांची होते, माझी बहीण सावेरिया तीन. आई वाख कुजत घालायला नदीवर गेली की सावेरियाला बांधायचं काम माझं. आईची गाठ तीन वेढ्यांची, जितकी ओढाल तितकी आवळणारी, मोठ्या माणसाच्या बोटांनीच सुटणारी. तिने सावेरियाचा घोटा सोलून निघायचा. ती रडायची, "ताई, दुखतंय." म्हणून मी एक सैल गाठ शोधून काढली होती, फुलासारखी दोन पाकळ्यांची, आणि तिला समजवायला म्हटलं होतं की चिमणी पायात बांधते ती ही गाठ. आई यायच्या आधी मी ती सोडून आईची गाठ घालून ठेवायचे. कोणाला कधी कळलं नाही.

एका दुपारी मी चुलीवर भाकरी उलटायला आत गेले. एक भाकरी. बाहेर आले तेव्हा दोर अंगणात सरळ पडला होता, आठच्या आठ पावलं, आणि टोकाला पाकळ्या सुटलेल्या होत्या.

आईने तो दोर हातात घेऊन टोक पाहिलं. गाठ कशी होती ते तिला कळलं. मला ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. पुरानंतर गाव सोडताना तिने मोजून सहा वस्तू घेतल्या. त्यातला एक तो दोर. आता माझ्या पेटीत तळाला आहे, माझ्या लग्नाच्या चादरींखाली.

"कोणाकडून शिकली असेल ही?" इस्मिनी विचारत होती, पेन उघडं ठेवून.

"पोरं काहीही बोलतात," मी म्हटलं.

५

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी फेमाचे पाय धुतले. वळ आता जांभळा होता, आणि अंगठा गार. मी पेटी उघडली.

वाखाला सोळा वर्षांनीही नदीचा वास होता. एक टोक मी फेमाच्या डाव्या घोट्याला बांधलं, पट्टी गुंडाळून त्यावर, आईची गाठ, तीन वेढे. दुसरं माझ्या मनगटाला. सवयीचं असल्यासारखा फेमाने पाय धरू दिला. झडपा ओढल्या, दाराला कडी घातली, तिच्या पायाकडे तोंड करून पडले. झोपायचं नाही असं ठरवलं होतं.

मनगटाला हिसका बसला आणि मी बिछान्यावरून निम्मी खाली आले.

दोर ताणलेला होता. तो बिछान्याकडे जात नव्हता. खोलीतून पुढच्या खोलीत, आणि तिथून दाराकडे. दार वीतभर उघडं होतं. मी मागे पाहिलं. फेमा उताणी झोपली होती, तोंड उघडं, दोन्ही पाय चादरीबाहेर. दोन्ही मोकळे. पट्टी गादीवर पडली होती.

मी दोराच्या ओढीने दारापर्यंत गेले, पायांनी ब्रेक लावत. दोर उंबऱ्यावरून पलीकडे जात होता आणि पलीकडे गेल्यावर खाली. आमच्या उंबऱ्याला एक पायरी आहे, वीतभर उंचीची. दोर त्या वीतभरात संपत नव्हता. उंबऱ्याच्या कडेवर तो घासत होता आणि वाखाची बारीक भुकटी उन्हात उडत होती.

त्याला वजन होतं. कडेवर घेतलेल्या पोराचं वजन कंबर विसरत नाही, मनगटही विसरत नाही असं दिसतं.

"ताई," खालून आवाज आला. लांबून, तरी कानाशी. "दुखतंय. चिमणीगाठ घाल ना."

माझा मोकळा हात मनगटाच्या गाठीकडे गेला. खोटं कशाला सांगू, गेला. बोटं मोठ्या माणसाची होती, त्यांनी ती गाठ सुटली असती. दोर सरकला असता, उन्हात नाहीसा झाला असता, आणि मी पायरीवर बसून म्हटलं असतं, स्वप्न पडलं. पण तो दोर इतके दिवस माझ्या घरात पाय शोधत होता. मी सोडला असता तर तो पुन्हा शोधायला आला असता. घरात लहान पाय एकाच पोरीचे होते.

"दुखू दे," मी म्हटलं. "मी धरलंय."

लहान पोराशी आमच्या भाषेत बोलून मला सोळा वर्षं झाली होती. जीभ अडखळली.

मी एकदाच वाकून पाहिलं. अंगण नव्हतं. एप्रन नव्हता, सरबताची फळं ठेवतो तो खोका नव्हता. खूप खाली पांढरे धोंडे, आणि त्याच्या पुष्कळ अलीकडे, माझ्या हाताच्या सरळ रेषेत, केसांमधला भांग. वाकडा. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी घाईत काढला होता. डोकं वर व्हायला लागलं तसे मी डोळे मिटले.

किती वेळ गेला माहीत नाही. शेजारच्या घराची झडप उघडल्याचा आवाज झाला, चार वाजले असणार, आणि दोर एकदम हलका झाला. डोळे उघडले तेव्हा तो पायरीवर पडला होता. टोकाला आईची गाठ तशीच आवळलेली, आतला वेढा रिकामा.

सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी दोर पाहिला, माझं मनगट पाहिलं, आत जाऊन तेलाची वाटी आणली आणि खाली बसून चोळू लागल्या.

"किती वजन आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षांच्या पोरीएवढं."

"मग झेपेल," त्या म्हणाल्या.

६

फेमाचा वळ आठवड्यात गेला. आमची भाषाही गेली. सप्टेंबरमध्ये इस्मिनी तिच्यासाठी अथेन्सहून बाहुली घेऊन आली, यंत्र लावून बसली, तर फेमाने तिला बालवाडीतलं इटालियन गाणं म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. इस्मिनी म्हणाली, "मुलं विसरतात." टेप बंद करताना तिचा हात बराच वेळ बटणावर राहिला. मला तिची दया आली, आणि देवाचे आभारही मानले.

ब्रूनोचं पत्र आलं. पाचव्या मजल्यावर घर मिळालंय, लिफ्ट आहे, नाताळपर्यंत या. मी लिहिलं, आईंना तिथली थंडी सोसणार नाही. जानेवारीत सासूबाई गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्या इटालियन पूर्ण विसरल्या, आणि फेमा त्यांच्या उशाशी बसून विचारत होती, "आजी काय म्हणतेय?" मी सांगत होते, पाणी मागतेय. त्या पाणी मागत नव्हत्या. तिला जवळ बोलवत होत्या.

ब्रूनोने पुन्हा लिहिलं, आता काय अडचण आहे? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

रोज एक वाजता मी फेमाला झोपवते आणि दारात उभी राहते. मनगटाला आईची गाठ. वाकून पाहत नाही. उभं राहून करायचं काय, म्हणून बोलते. आज काय रांधलं, बागेतली फळं उतरवली का, शेजारणीचं कोणाशी वाजलं, सासूबाईंना कुठे पुरलं. खालून कधी हसल्यासारखं होतं, कधी "दुखतंय" येतं. मी म्हणते, हो गं. वसाहतीत आमची भाषा बोलणाऱ्या अजून चारपाच म्हाताऱ्या आहेत, पण त्यांच्याकडे जायला मला वेळ होत नाही. माझं सगळं बोलणं त्या तीन तासांत होऊन जातं.

मनगट आता कायमचं सुजलेलं आहे. दुपारी हात बधिर होतो. गेल्या सोमवारी दोर माझ्या तळहातातून वीतभर सरकला, आणि खालून कोणीतरी श्वास आत घेतला. तसा श्वास मी टेपवर ऐकला होता.

गुरुवारी मागे अनवाणी पावलं वाजली.

"झोप जा, फेमा," मी न वळता म्हटलं. इटालियनमध्ये म्हटलं.

ती गेली नाही. माझ्या हातांच्या मागे तिने आपले दोन्ही हात दोरावर ठेवले, टाचा रोवल्या, उंबऱ्याकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत म्हणाली, "ताई दमलीय. आता मी पण धरलंय."

मी तिचे हात काढायला हवे होते. तिला उचलून, दाराला कडी घालून, ब्रूनोकडे जाणारी पहिली गाडी धरायला हवी होती. पण वजन खरोखरच हलकं झालं होतं, आणि किती महिन्यांनी मी बोटं थोडी सैल सोडली.